मेलेल्या माणसाची सही? जीजीभॉय घराण्याचा किताब आणि एकच नाव

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. माझगावातल्या एका जुन्या जागेची कागदपत्रे चाळताना तुम्हाला दोन खरेदीखते सापडली, एक १८८४ चे आणि दुसरे १९०२ चे. दोन्हींत जागा विकणारे 'सर जमशेटजी जीजीभॉय, बॅरोनेट'. पण जे.जे. हॉस्पिटलवाले सर जमशेटजी तर १८५९ मध्येच वारले. मग खते बनावट आहेत का? शिवाय, संविधानाने किताब बंद केले असताना त्या घराण्यातला वारस अजून 'सर' कसा?

आधी धीर देतो. नुसत्या नावावरून खते बनावट ठरत नाहीत. १८८४ ची सही एका माणसाची, १९०२ ची दुसऱ्याची, आणि १८५९ मध्ये वारले ते तिसरेच. तिघांचे नाव मात्र एक, आणि ते कायद्याने एक. मी फोर्टात वकिली करतो. तीस-बत्तीस वर्षे जुन्या मुंबईतल्या जागांचे टायटल, म्हणजे मालकीची साखळी, तपासण्यात गेली आणि या नावाने मलाही सुरुवातीला चांगलेच फसवले आहे. त्याची गोष्ट पुढे येईल.

मूळ पुरुषापासून सुरुवात करू. जमशेटजींचा जन्म १७८३ चा. आईबाप लहानपणीच गेले. मामा आणि पुढे सासरे झालेले फ्रामजी नसरवानजी यांचा रिकाम्या बाटल्यांचा धंदा होता, म्हणून जमशेटजीही काही काळ 'बाटलीवाला' म्हणूनच ओळखले जात. हे टोपणनाव लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे. चीनच्या पाच सफरी केल्या. चौथ्या सफरीत 'ब्रन्सविक' नावाचे जहाज फ्रेंचांनी पकडले. त्याच जहाजावर विल्यम जार्डिन नावाचा डॉक्टर होता. हाच पुढे जार्डिन मॅथेसन कंपनीचा जार्डिन. ती ओळख जन्मभर टिकली आणि तिच्यातून जो व्यापार वाढला तो कापसाचा आणि माळव्याच्या अफूचा. भागीदार पाहिले तर एक जैन मोतीचंद अमीचंद, एक कोकणी मुसलमान महंमद अली रोगे आणि एक गोव्याचा ख्रिस्ती रोजेरियु द फारिया. जुन्या मुंबईचा धंदा असाच सरमिसळ चाले.

अफूचा उल्लेख अनेक जण टाळतात. मला तो टाळण्याचे कारण दिसत नाही. पहिले अफूचे युद्ध १८४२ मध्ये संपले आणि त्याच वर्षी जमशेटजी 'सर' झाले, नाइट होणारे पहिले भारतीय. पैसा कुठून आला हे सरकारला पक्के ठाऊक होते. तो कुठे गेला हेही दिसत होते: १८४५ मध्ये हॉस्पिटल उघडले, त्याच वर्षी पत्नी आवाबाई यांच्या देणगीतून माहीमचा कॉजवे वाहतुकीला खुला झाला, पुण्यात मुळा-मुठेवर बंडगार्डनचा बांध झाला, १८५७ मध्ये कलाशाळा सुरू झाली. कॉजवेची गोष्ट अशी सांगतात की बाईंनी आधी एक लाख दिले, खर्च वाढला तेव्हा आणखी सत्तावन्न हजार घातले, आणि अट एकच घातली, की टोल घ्यायचा नाही. माहीमचा लेडी जमशेटजी रोड त्यांच्याच नावाचा.

नाइटपद ज्याला मिळते त्याच्याबरोबर संपते. १८५७ मध्ये मिळाली ती बॅरोनेटसी, म्हणजे वंशपरंपरेचा किताब. हा लॉर्ड नव्हे. बॅरोनेटला पार्लमेंटात जागा नसते. नाइटच्या वर, बॅरनच्या खाली, नावाआधी 'सर' आणि नावानंतर 'बॅरोनेट' एवढाच मान. त्याचा जन्मही शुद्ध व्यवहारातला आहे. इंग्लंडचा राजा पहिला जेम्स याला आयर्लंडातल्या अल्स्टरच्या बंदोबस्तासाठी पैसे हवे होते. १६११ मध्ये त्याने हा किताब काढला आणि किंमत ठरवली तीस शिपायांचा तीन वर्षांचा पगार. दिवसाला आठ पेन्स धरून १,०९५ पौंड होतात, करून पाहा. तेव्हा व्यापाऱ्याला हा किताब मिळाला म्हणून नाक मुरडणाऱ्या साहेबांनी स्वतःचा इतिहास वाचायला हरकत नव्हती.

आता खरी अडचण. सनदेत लिहिले जाते की किताब औरस पुरुष वारसांत ज्येष्ठत्वाने जाईल. इंग्लंडात हे सरळ चालते, कारण तिथे किताबाबरोबर आडनाव जाते आणि बहुधा जमीनही थोरल्याकडेच जाते. मुंबईच्या पारशी घरात यातले काहीच नव्हते.

आडनावच नव्हते, हे आधी समजून घ्या. 'जीजीभॉय' हे आडनाव नाही, जमशेटजींच्या वडिलांचे नाव आहे. त्यांच्या थोरल्या मुलाचे नाव खरशेटजी. चालीप्रमाणे तो झाला खरशेटजी जमशेटजी. त्याचा मुलगा माणेकजी खरशेटजी. तीन पिढ्यांत 'जीजीभॉय' पुसले गेले असते, आणि एखाद्या शाखेने उचललेच असते तर 'बाटलीवाला' उचलले असते. मग लंडनच्या दफ्तरात हा कोणत्या बॅरोनेटचा वारस हे कसे ओळखायचे? याच कारणाने आपल्याकडे दुसरा एक घोळही होतो. पुण्याच्या बी.जे. मेडिकल कॉलेजचे बैरामजी जीजीभॉय हे या घराण्यातले नव्हेत. त्यांच्याही वडिलांचे नाव जीजीभॉय होते, इतकेच. माझ्याकडे येणारे निम्मे अशील दोघांना भाऊ समजून येतात.

दुसरी अडचण पैशाची. पारशी घरातली मिळकत वारसांत वाटली जायची. चार पिढ्यांनी एखादा बॅरोनेट गिरगावात भाड्याच्या दोन खोल्यांत राहायला लागला तर किताबाची काय शोभा? म्हणून सरकारचा आग्रह असे की किताब हवा तर त्याच्या पोटापाण्याची कायमची सोय आधी करा.

दोन्ही अडचणींवर तोडगा निघाला तो १८६० च्या विसाव्या कायद्याने, जमशेटजी वारल्यानंतर वर्षभरात. एका कुटुंबासाठी केलेला आख्खा कायदा! त्याचे लांबलचक शीर्षक वाचले तरी सगळा मामला कळतो: वर्षाला एक लाख रुपये उत्पन्न देणाऱ्या सरकारी प्रॉमिसरी नोटा (म्हणजे कर्जरोखे) आणि मुंबई बेटावरील 'माझगाव कॅसल' नावाचा वाडा किताबाच्या सोबतीला आणि आधाराला कायमचा बांधून देण्याबाबत. चार टक्के व्याज धरले तर मुद्दल पंचवीस लाख होते. १८६० चे पंचवीस लाख! नोटा आणि वाडा विश्वस्तांच्या ताब्यात, आणि त्या वेळी जो बॅरोनेट असेल त्याला हयातीपुरता उपभोग. विकता येणार नाही, गहाण टाकता येणार नाही, मुलांत वाटता येणार नाही.

नावाची सोयही तिथेच झाली. जो कोणी किताबावर येईल त्याने आपले जन्माचे नाव बाजूला ठेवून 'जमशेटजी जीजीभॉय' हे नाव घ्यायचे. नुसते आडनाव नव्हे, पूर्ण नाव. म्हणजे खरशेटजी किताबावर आले तेव्हा ते खरशेटजी राहिले नाहीत, दुसरे सर जमशेटजी जीजीभॉय झाले. १८७७ मध्ये ते वारले, मग त्यांचे थोरले चिरंजीव माणेकजी तिसरे झाले. १८९८ मध्ये तेही वारले आणि धाकटे भाऊ कावसजी चौथे. १९०८ नंतर कावसजींचे पुत्र रुस्तमजी पाचवे. तेव्हा तुमच्या १८८४ च्या खतावरची सही माणेकजींची, १९०२ ची कावसजींची. सख्खे भाऊ, आणि कागदावर दोघांचे नाव एक.

माणसाने आपल्या बापाने ठेवलेले नाव सोडून पणजोबाचे घ्यायचे, हे मला पहिल्यांदा वाचले तेव्हा विचित्र वाटले होते. पण मुनीम, दलाल, गुमास्ते यांच्या जगात नाव ही पत असते. हुंडीवर नाव चालते, माणूस नव्हे. पेढीचे नाव मालक मेला म्हणून कोणी बदलत नाही. कायदा करणाऱ्यांच्या मनात हे होते की नाही कोण जाणे, पण झाले ते असे की किताब एखाद्या पेढीसारखा चालू लागला. मालक बदलत गेले, पाटी तीच.

आपल्या मराठी मुलखाला ही कल्पना अगदीच परकी नव्हती. पेशवाईतल्या कोणत्याही पेठेचे कागद काढा, त्यात शेटे आणि महाजन भेटतात. शेटेपण आणि महाजनकी ही बाजारपेठेतली वंशपरंपरेची वतने. पेठ वसवायची, उदमी आणून बसवायचे, वाद मिटवायचे, आणि त्याबद्दल मान व दुकानामागे ठरलेला हक्क घ्यायचा. मानाबरोबर उत्पन्न बांधलेले, ही मेख तीच. फरक वाटणीत आहे. वतनाची वाटणी होत असे. अर्धी पाटीलकी, चौथाई देशमुखी असे तुकडे पडत, ते विकलेही जात, आणि पुढे मानाच्या पानासाठी भाऊबंद एकमेकांच्या उरावर बसत. बॅरोनेटसीचा तुकडा पडत नाही. धाकट्याला शून्य.

मुलीला तर शून्यच, आणि पाळलेल्या किंवा दत्तक मुलालाही. इथे मुंबईच्या घराण्यांची पंचाईत होई. सनदेत 'औरस' म्हटले की विषय संपला. ज्यांना पुढचे दिसत होते त्यांनी सनद निघतानाच वेगळी वाट मागून घेतली. पहिले सर दिनशा माणेकजी पेटिट यांना १८९० मध्ये बॅरोनेटसी मिळाली ती दुसरे चिरंजीव फ्रामजी यांच्या शाखेत जाईल अशा खास तरतुदीने. फ्रामजी वडिलांच्या आधी, १८९५ मध्ये वारले. १९०१ मध्ये आजोबांच्या जागी नातू आला. त्याचे जन्मनाव जीजीभॉय, आणि किताबावर येताच तो झाला दिनशा माणेकजी पेटिट. (जीनांशी लग्न केलेल्या रत्तनबाई या दुसऱ्या सर दिनशांची मुलगी.) १९०९ चे सर जेकब ससून यांनीही भाऊ एडवर्ड यांच्याकडे किताब जाईल अशी सोय करून घेतली होती. त्याने थोडी मुदत वाढली, पण एडवर्ड यांचे पुत्र सर व्हिक्टर १९६१ मध्ये निपुत्रिक वारले आणि ती बॅरोनेटसी संपली. ससून डॉक बांधणाऱ्या आल्बर्ट ससून यांची वेगळी बॅरोनेटसी त्याआधीच, १९३९ मध्ये, नातू फिलिप यांच्याबरोबर मिटली होती.

एकच नाव वारंवार येण्याने कागदपत्रांत काय घोळ होतो, याचा सर्वांत प्रसिद्ध नमुना म्हणजे १९०८ चा पारशी पंचायतीचा खटला. आर. डी. टाटांच्या फ्रेंच पत्नीने झरतुष्ट्री धर्म स्वीकारला होता. तिला आणि तिच्यासारख्यांना पंचायतीच्या अग्यारी-दोखम्यांचा (अग्निमंदिरे आणि अंत्यविधीचे मनोरे) हक्क आहे का, आणि पंचायतीचे विश्वस्त नेमायचे कोणी, असा तो वाद. न्यायमूर्ती दावर आणि बीमन यांच्यापुढे चालला. खटल्याचे नाव: सर दिनशा पेटिट विरुद्ध सर जमशेटजी जीजीभॉय. वादी बॅरोनेट, मुख्य प्रतिवादी बॅरोनेट. नवखा वाचणारा बेधडक समजतो की वादी म्हणजे गिरण्या काढणारे पहिले दिनशा आणि प्रतिवादी म्हणजे हॉस्पिटलवाले जमशेटजी. प्रत्यक्षात वादी तो नातू, दुसरे सर दिनशा. आणि प्रतिवादी तुमच्या १९०२ च्या खतावरचे कावसजी, म्हणजे चौथे जमशेटजी.

माझी चूक आता सांगतो. वकिलीच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी एका जागेचा तीस वर्षांचा सर्च, म्हणजे नोंदणीच्या दफ्तरातला जुन्या व्यवहारांचा शोध, माझ्याकडे आला. सर्च क्लार्कने रजिस्ट्रेशनच्या इंडेक्समधून नोंदी उतरवून आणल्या. एकाच नावाने एक खरेदी, एक भाडेपट्टा, एक गहाण. मी सगळ्या नोंदी एका माणसाच्या धरल्या आणि अहवालात लिहून मोकळा झालो, की गहाण टाकणाऱ्यानेच पुढे ते फेडले. सीनियरांनी अहवाल वाचला, चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारले, "हे गृहस्थ गहाण टाकताना वारलेले होते का फेडताना?" त्या दोन तारखांच्या मधे किताब एकाकडून दुसऱ्याकडे गेला होता. म्हणजे फेडणारा वेगळा, आणि त्याचा त्या जागेशी संबंध काय हेच मुळात दाखवायचे राहिले होते. तेव्हापासून माझ्या टेबलाच्या काचेखाली बॅरोनेटांच्या मृत्यूच्या सालांची एक चिठ्ठी आहे. आधी जन्मनाव, मग साल.

पैशाच्या बाजूचेही थोडे सांगायला हवे, कारण लोकांना वाटते हे ट्रस्ट म्हणजे अलिबाबाची गुहा. तसे नाही. जीजीभॉयांचा १८६० चा कायदा १९१५ मध्ये सुधारावा लागला. ठरलेल्या व्याजाच्या नोटा महागाईपुढे झिजत जातात, मग वर्षाचा एक लाख कितीही भरभक्कम दिसो. पेटिटांसाठी १८९३ चा, करीमभॉय इब्राहिम यांच्यासाठी १९१३ चा, अहमदाबादच्या चिनुभाई माधवलाल यांच्यासाठी १९१५ चा, असे प्रत्येक घराण्याचे स्वतंत्र कायदे झाले. करीमभॉय खोजा मुसलमान, चिनुभाई नागर ब्राह्मण आणि पहिले हिंदू बॅरोनेट. चिनुभाईंच्या बाबतीत तर हिंदू एकत्र कुटुंबात मुलाला जन्मतःच मिळकतीत हिस्सा मिळतो, तिथे 'थोरल्यालाच सगळे' हे कायद्याशिवाय टिकणारच नव्हते.

करीमभॉयांचे उदाहरण मला सर्वांत बोलके वाटते. मुंबईत गिरण्यांचा एवढा मोठा पसारा, आणि १९३० च्या दशकातल्या मंदीत तो कोसळला. पण बॅरोनेटसीच्या ट्रस्टमध्ये बांधलेली मिळकत धंद्याच्या घसरणीतून बाजूला राहिली, कारण ती धंद्याची नव्हतीच, किताबाची होती. त्या ट्रस्टच्या आयकराचा वाद प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. दुसऱ्या सर दिनशा पेटिटांनाही आयकराने असेच अजरामर केले. गुंतवणुकीवरचा कर वाचवायला त्यांनी चार खासगी कंपन्या काढल्या, आणि १९२७ चा मुंबई हायकोर्टाचा तो निकाल कंपनी कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला आजही घोकावा लागतो. जीजीभॉयांच्या ढालीवर बोधवाक्य होते 'उद्योग आणि औदार्य', पेटिटांच्या नशिबी आले पाठ्यपुस्तक.

आता संविधानाचा मुद्दा. अनुच्छेद १८ दोन गोष्टी सांगतो, ज्या इथे लागू पडतात. शासन सैनिकी किंवा विद्याविषयक मान सोडून कोणताही किताब देणार नाही, आणि भारताचा नागरिक परदेशाकडून किताब स्वीकारणार नाही. १९५० पूर्वी मिळालेल्या किताबाचे काय, हे त्यात स्पष्ट शब्दांत नाही. म्हणून बॅरोनेटांच्या बाजूने युक्तिवाद होतो तो असा: हा किताब नव्याने कोणी दिला नाही, वारसाने स्वीकारलाही नाही, तो मूळ सनदेनुसार आपोआप आला. युक्तिवाद चलाख आहे. माझे मत विचाराल तर भारतीय राज्यासमोर त्याला काही किंमत नाही. पासपोर्टवर, मतदार यादीत, कोर्टाच्या वकालतनाम्यावर 'सर' लिहिल्याने कोणताही हक्क मिळत नाही, आणि न लिहिल्याने जात नाही. १९९५ मध्ये बालाजी राघवन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पद्म सन्मान वैध ठरवले, पण ते नावाआधी वा नंतर लावायचे नाहीत असे बजावले. देशाच्याच सन्मानाची ही गत, तर लंडनच्या सनदेचे काय घेऊन बसलात. लग्नपत्रिकेत किंवा जिमखान्याच्या बोर्डावर कोणी 'सर' लिहिले तर त्याला पोलीस धरायला येत नाहीत, कारण अनुच्छेद १८ ला शिक्षेची कलमे नाहीत. एवढेच.

लंडनकडे मात्र हिशेब वेगळा. तिथे १९१० पासून बॅरोनेटांची अधिकृत नोंदवही आहे. बाप वारला म्हणून मुलगा तिच्यात आपोआप जात नाही. जन्माचा, आईबापांच्या लग्नाचा, आधीच्याच्या मृत्यूचा पुरावा द्यावा लागतो. थोडक्यात, आपल्या तलाठ्याकडच्या वारस नोंदीसारखेच, फक्त जमीन नाही.

आणि तुम्ही ओझरते विचारले आहे म्हणून सांगतो, किताब धारण करणाऱ्याचा जे.जे. हॉस्पिटलवर मालकी हक्क नाही. हॉस्पिटल सरकारी. 'जेजेला ॲडमिट केलंय' म्हणताना आता कोणाच्या डोक्यात जमशेटजीही येत नाहीत.

आता तुमच्या खतांकडे. नाव जुळते का, हे पाहत बसू नका, ते जुळणारच. प्रत्येक इंडेंचरचे, म्हणजे खताचे, पहिले पान काढा. तिथे विकणाऱ्याच्या नावापुढे कितवा बॅरोनेट आणि पूर्वीचे नाव काय, असे काही वर्णन असेल तर ते वर दिलेल्या सालांशी ताडून पाहा. १८८४ ला माणेकजी आणि १९०२ ला कावसजी हवेत. वर्णन नसेल तर सही आणि साक्षीदार, आणि तिसऱ्या बॅरोनेटचे १८९८ नंतरचे प्रोबेट (मृत्युपत्रावरचे कोर्टाचे शिक्कामोर्तब) निघाले असल्यास तेही. मधल्या अठरा वर्षांत एकाची खासगी मिळकत दुसऱ्याकडे कशी गेली, मृत्युपत्राने की वारसाने, हा तुमच्या साखळीतला तपासायचा दुवा. किताबाबरोबर नाव आपोआप जाते, खासगी जागा जात नाही.

त्याहून महत्त्वाचे, जागा माझगावची आहे. ती 'माझगाव कॅसल' आणि त्याच्या आवाराचा भाग होती का, हे आधी जुन्या सर्व्हेच्या नकाशावर काढा. तशी असेल तर एकट्या बॅरोनेटची सही पुरेशी नाही. विश्वस्तांच्या सह्या आणि विक्रीला कायद्याचा आधार दिसला पाहिजे. तशी नसेल आणि ती त्या भावांची स्वतःची जागा असेल, तर दोन्ही खते आहेत तशी चालतील. नकाशाची नक्कल आणि १९०२ च्या खताचे शेवटचे पान, ज्यावर परिशिष्ट आणि चतुःसीमा असतात, तेवढी पाहिली की हे दहा मिनिटांत कळेल.